ज्ञानाप्रमाणे व विश्वासाप्रमाणे

"हे शेवटचं वाक्य काढा, शास्त्रीबुवा," खरसुंडीकर वकील म्हणाले आणि माझा कागद त्यांनी मेजावरून माझ्याकडे परत सरकवला. "नाहीतर त्याच्यावरचं सगळं काढा. दोन्ही एकत्र नांदणार नाहीत."

कागद माझ्याच अक्षरातला होता. शपथेवर द्यायच्या प्रतिज्ञालेखाचा तो इंग्रजी मसुदा मी एक-दीड रात्र खपून तयार केला होता, आणि शेवटी ते वाक्य घातले होते, 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ'. माझ्या ज्ञानाप्रमाणे व विश्वासाप्रमाणे सत्य. वडील गेल्यापासून सहा वर्षे गावातल्या जन्मपत्रिकांची वही माझ्याकडे होती. शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. पण वहीवरून कोणाला जन्माचा दाखला लागला तर तोही मीच देत असे. एका छापील अर्जावर हे वाक्य मला प्रथम भेटले. त्याची चाल मला आवडली. तेव्हापासून पोथीच्या शेवटी 'शुभं भवतु' लिहावे तसे मी ते प्रत्येक दाखल्याच्या शेवटी लिहीत आलो होतो.

"काय चुकलं त्यात?" मी विचारले. "इंग्रजी अशुद्ध आहे का?"

"इंग्रजी माझ्यापेक्षा शुद्ध आहे. पण अहो, हे मंगलाष्टकातलं 'सावधान' नाही, कोणत्याही कडव्याला लावायला. मला एवढं सांगा, यातलं तुमचं ज्ञान कोणतं आणि विश्वास कोणता?"

मी कागद पुन्हा वाचू लागलो. दाराजवळच्या बाकावर गोदावरी तांबट बसल्या होत्या. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्या ह्याच. तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या घरातली ही मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि नोकरी सांभाळून बाहेरून बी. ए. झाली होती. सरकारने अध्यापनाच्या पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती जाहीर केली होती. तिच्या अटीत स्पष्ट लिहिले होते की उमेदवाराचा जन्म १ जानेवारी १९३४ रोजी वा त्यानंतरचा असावा. शाळेच्या दप्तरात गोदूताईंची जन्मतारीख होती ३१ डिसेंबर १९३३. एका दिवसाने दार बंद. पुढच्या वर्षी अट आणखी पुढे सरकणार होती. म्हणजे हे दार याच वर्षी उघडले तर उघडणार होते. अर्ज जूनच्या पंधरा तारखेपर्यंत पोहोचायचा होता. आम्ही बसलो होतो तो दिवस आठ तारखेचा.

"वहीत काय आहे ते वाचा," वकील म्हणाले.

मी वाचले. "शके अठराशे पंचावन्न, पौष शुद्ध पौर्णिमा, रविवार. सूर्योदयापासून गत घटी बेचाळीस. कन्या."

"आता माझ्यासारख्याला कळेल असं सांगा."

"घटी चोवीस मिनिटांची. त्या दिवशी सूर्य सात वाजून पाच मिनिटांनी उगवला. तेव्हा बेचाळीस घटी म्हणजे रात्रीचे अकरा वाजून त्रेपन्न मिनिटे."

"म्हणजे मध्यरात्रीच्या सात मिनिटं आधी. एकतीस डिसेंबर. आणि तुम्ही मसुद्यात काय लिहिलंत? जन्म एक जानेवारीचा!"

"गोदूताईंच्या आई म्हणायच्या, मुलगी पहाटेची आहे. आपल्या पंचांगात सूर्योदयापर्यंत रविवारच चालतो. पण इंग्रजी तारीख मध्यरात्रीलाच बदलते. पहाटेचा जन्म असेल तर..."

"असेल तर!" वकिलांनी बोट वर केले. "आणि नसेल तर? बुवा, तुम्हाला वाटलं की शेवटी हे वाक्य टाकलं म्हणजे वर काहीही लिहायला मोकळीक. ते वाक्य मोकळीक देत नाही, बांधून घालतं. मॅजिस्ट्रेट विचारणार, कोणतं कलम ज्ञानाचं आणि कोणतं विश्वासाचं. विश्वासाचं असेल तर कोणाच्या सांगण्यावरून. आणि तुम्ही शपथेवर उभे असणार."

मी दरवर्षी मुलांना प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द, म्हणजे पाहिलेले, ताडलेले आणि ऐकलेले, ही ज्ञानाची तीन प्रमाणे शिकवीत होतो; आणि मलाच हे विचारले जात होते.

गोदूताई उठल्या. "शास्त्रीबुवा, माझ्यासाठी खोटी शपथ घेऊ नका. मला उसना दिवस नको. माझाच असेल तर हवा आहे."

"बेचाळीस घटींपुढे काही लिहिलंय का?" वकिलांनी वहीत डोकावत विचारले. "इथे, समासात."

समासात वडिलांच्या बारीक अक्षरात एक शब्द होता. शेकडो वेळा ते पान मी उलटले असेन. तो मी पाहिला होता आणि वाचला नव्हता. 'ऐकीव.'

*

वडिलांना ती वेळ सांगितली होती गोदूताईंचे काका तात्या तांबट यांनी. ते हयात होते. आम्ही गेलो तेव्हा अंगणात बसून ते एका घागरीच्या गळ्यावर ठोके घालीत होते.

"बेचाळीस घटी मी कुठल्या सांगणार?" तात्या म्हणाले. "मी सांगितलं, मध्यरात्रीच्या सुमाराला. घटी थोरल्या शास्त्रीबुवांनी बसवल्या."

"पण मध्यरात्र कशावरून?"

तात्यांनी हातोडी खाली ठेवली. पुतणीकडे एकदा पाहिले आणि मान वळवली. "आता काय लपवायचं? मध्यरात्रीपर्यंत मी ओसरीवर जागा होतो. वहिनी कण्हत होत्या. मग माझा डोळा लागला. मुलगा झाला असता तर थाळी वाजली असती, मी उठलो असतो. मुलगी झाली. थाळी कोण वाजवतो? मला कोणी उठवलंच नाही. सकाळी जाग आली तेव्हा कळलं. शास्त्रीबुवांनी वेळ विचारली, मी झोपलो होतो हे सांगायची लाज वाटली. झोपण्याआधीची वेळ सांगून मोकळा झालो."

"काका!" गोदूताई म्हणाल्या.

"तेव्हा काय माहीत, गो, सरकार तुझ्या सात मिनिटांचा हिशोब घेईल म्हणून."

"आत कोण होतं?" मी विचारले.

"आत? गोदूची आजी होती, ती गेली. वहिनी गेल्या. आणि सारजा. सुईण. ती आहे अजून, ओढ्यापलीकडे."

ओढ्यापलीकडच्या त्या वस्तीत मी तोवर कधी पाऊल टाकले नव्हते. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण खरे तेच लिहिले पाहिजे. सारजाबाई निंबाखाली बसली होती. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पांढरट पडदा आलेला. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वर केली.

"कोन हाय?"

"मी गोदावरी, मावशी. तांबटांची."

"गोदी व्हय? आन् दुसरं कोन? चाल तर भटाची दिसती."

गोदूताईंना हसू आले. मी नाव सांगितले. "थोरल्या शास्त्रीबुवांचा मुलगा."

"मंग बस की घोंगडीवर. का बाटशील?"

मी बसलो. गोदूताईंनी सारे समजावून सांगितले. सारजाबाई ऐकत होती आणि हळूहळू तिचे ओठ आवळले जात होते.

"चाळीस वर्सं म्या गावची पोरं झेलली," ती म्हणाली. "तुज्या बापानं त्या समद्यांच्या पत्रिका मांडल्या. पन कवा झालं ह्ये मला एकानंबी इचारलं न्हाई. येळ कोन सांगनार? तर भाईर ओसरीवर बसल्याला गडी. त्यानं काय पाह्यलं? कवाड!"

मी म्हणालो, "आज विचारायला आलोय, मावशी. गोदूताई कधी झाल्या?"

"चांदनं उखळावर आलं तवा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"तांबटाच्या मागल्या खोलीत भुईत उखळ पुरल्यालं हाय. त्येच्या शेजारी बाज व्हती. दिव्यात त्याल कमी, वारं सुटल्यालं, दोनदा दिवा इझला. म्हातारी म्हनली, त्याल आनते. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे, पुनव हाय. मावळतीच्या खिडकीतनं चांदनं आत आलं व्हतं. उखळाच्या कडंवर पोरीची नाळ ठिवली आन् चांदन्यात कापली. दिव्याबिगर कापल्याली माजी ती एकच नाळ. म्हनून ध्येनात हाय."

मावळतीची खिडकी. पौषातली पौर्णिमा. मध्यरात्री तो चंद्र आमच्या भागात जवळजवळ माथ्यावर असतो. मावळतीच्या खिडकीतून एक किरणही आत येणे शक्य नाही. तो उखळापर्यंत यायचा तर पुष्कळ खाली उतरलेला हवा. हे सारे गणित मला येत होते. पण ते मांडायला जे हवे होते, ते पाहणाऱ्या डोळ्यांजवळ होते, आणि ते डोळे ओढ्यापलीकडे पंचवीस वर्षे कोणी न विचारता राहिले होते.

*

"ऐकायला सुरेख आहे," वकील म्हणाले. "पण समोरचा म्हणेल, म्हातारीची आठवण. चांदणं उखळावर किती वाजता येतं? ते कोण सांगणार? पुढच्या पौषापर्यंत थांबायचं का?"

"थांबायला नको," मी म्हणालो. "पौषातल्या पौर्णिमेचा चंद्र आणि ज्येष्ठातला सूर्य आकाशात जवळजवळ एकाच वाटेने जातात. चंद्र त्या रात्री जितके वाजता जिथे होता, तिथे आता सूर्य दिवसा तितक्याच वाजता असतो; पहाटेच्या तीनचा चंद्र जिथे, दुपारच्या तीनचा सूर्य तिथे. पाचदहा मिनिटांचा फरक पडेल, तासाचा नाही. खिडकी तीच आहे. उखळ तेच आहे."

वकील माझ्याकडे पाहत राहिले. "म्हणजे तुम्ही सूर्याला साक्षीला बोलावणार?"

"येत असेल तर."

तो दोन दिवस आला नाही. नऊ आणि दहा जूनला आभाळ भरून राहिले. दुपारी तीन वाजता आम्ही तांबटांच्या मागल्या खोलीत जमत असू आणि पाचला उठत असू. वकिलांनी कागद अकरा तारखेपर्यंत मागितले होते. पुढे पोस्टाचे दिवस होते. दहा तारखेला उठताना गोदूताई म्हणाल्या, "नाही झालं तरी एक गोष्ट कळली, बुवा. आई खरं सांगत होती." त्यांनी ते इतक्या शांतपणे म्हटले की मला खाली मान घालावी लागली.

अकरा तारखेला सकाळपासून ढग होते. दोनच्या सुमारास वारा सुटला आणि पश्चिमेकडून आभाळ फाटत गेले.

खोलीत आम्ही पाच जण होतो. तात्या उंबऱ्यावर, गोदूताई भिंतीशी, वकील खिशातले घड्याळ हातात धरून खुर्चीवर, आणि सारजाबाई उखळाजवळ जमिनीवर. तिला तात्यांनी स्वतः हात धरून आणले होते. मी पौषाची आणि ज्येष्ठाची गोष्ट तिला पुन्हा सांगू लागलो.

"ते मला ठावं हाय," ती मधेच म्हणाली. "थंडीतली पुनव डोक्यावरनं जाती. उन्हाळ्यातली कडंकडंनं. सूर्याचं उलटं. पोरं काय दिवसाच व्हत्यात व्हय? रातभर वर बघायचंच काम की मला."

वकील हसले. मी हसलो नाही. मी तेच सिद्धान्तग्रंथातून शिकलो होतो, दोन वर्षे लागली होती.

"मावशी, नाळ कुठे ठेवली होती?" वकिलांनी विचारले. "आता उजेड नाही पडलेला. आधीच दाखवा."

तिने उखळाच्या दगडावरून बोटे फिरवली. एका बाजूला कड जराशी झिजून खोलगट झाली होती. तिथे बोट थांबले. "हितं. भिताडाकडल्या अंगाला न्हवं, आतल्या अंगाला."

वकिलांनी खडूने तिथे खूण केली.

तीन वाजून पाच मिनिटांनी खिडकीच्या कोनाड्यात ऊन उतरले. मग ते भिंतीच्या पायथ्याशी जमिनीवर आले, हातभर रुंद, सोनेरी, धुळीने भरलेले. ऊन सारवलेल्या जमिनीवरून पुढे येत होते. पाहत राहिले तर हलताना दिसत नव्हते, क्षणभर नजर वळवली तर पुढे आलेले असे. साडेतीनला ते उखळापासून वीतभर अंतरावर होते. मधेच एक ढग आला आणि सगळे विझले. ढग गेला. ऊन पुन्हा जमिनीवर होते, आणि उखळाच्या बाहेरच्या कडेला लागले होते.

"काय झालं?" सारजाबाईने विचारले. "बोला की कुनीतरी."

"चढतंय, मावशी," गोदूताई म्हणाल्या.

उखळाच्या पोटात उजेड भरला. मग तो आतल्या कडेवर चढला, त्या झिजलेल्या खोलगट जागी, खडूच्या खुणेवर. सारजाबाईचे बोट अजून तिथेच होते. तिच्या बोटावर ऊन पडले, आणि तिने ते काढून घेतले नाही.

"लागलं," ती म्हणाली. "ऊन लागलं. पर तवा गार व्हतं."

वकिलांनी घड्याळाकडे पाहिले. "तीन वाजून बावन्न," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. पहाटेचे तीन बावन्न. जानेवारीची पहिली तारीख लागून जवळजवळ चार तास झाले होते तेव्हाचे.

तात्या उंबऱ्यावरून उठून बाहेर निघून गेले. मी उखळाकडे पाहत होतो. वडिलांनी वहीत मांडलेले हजारो जन्म मला पाठ होते. त्यांतला एक मी आता पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहत होतो.

*

त्याच संध्याकाळी दोन प्रतिज्ञालेख तयार झाले, एक सारजाबाईचा आणि एक माझा. माझा या वेळी वकिलांनी कलमे तोडून लिहिला होता. वहीतील नोंद, समासातील शब्द, अकरा जूनला उखळावर पडलेले ऊन आणि घड्याळातली वेळ: ही कलमे माझ्या ज्ञानाप्रमाणे. चांदणे त्या रात्री तिथे पडले होते, हे कलम माझ्या विश्वासाप्रमाणे, सुईण सारजाबाई हिच्या सांगण्यावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटांपुढे उभे राहिलो. ते तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी सारजाबाईचा कागद तिला मराठीत वाचून दाखवला. शेवटचे वाक्य आले. "...हे सर्व माझ्या ज्ञानाप्रमाणे व विश्वासाप्रमाणे सत्य आहे. समजलं का आजी? इथे अंगठा."

"थांबा," सारजाबाई म्हणाली. "ह्ये इस्वासाचं कशापायी?"

"तशी पद्धत आहे," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "ज्ञान म्हणजे स्वतः पाहिलेलं. विश्वास म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं, पण आपल्याला खरं वाटतं ते."

"मला कुनी सांगितलं? दुसरं कोन व्हतं तितं? म्या पाह्यलं, म्या कापली. इस्वास तुमी ठिवायचा. माज्या कागदावर नगं."

मॅजिस्ट्रेटांनी वकिलांकडे पाहिले. खरसुंडीकरांनी तीस वर्षांत किती प्रतिज्ञालेख लिहिले असतील, कोण जाणे. ते खाली वाकले, सारजाबाईच्या कागदावरील शेवटच्या वाक्यातले 'व विश्वासाप्रमाणे' हे दोन शब्द त्यांनी एका रेघेने खोडले आणि समासात आद्याक्षरे घातली. मॅजिस्ट्रेटांनी आपली घातली.

"बाईंचं बरोबर आहे," ते म्हणाले. घाई आता त्यांच्या आवाजात नव्हती.

सारजाबाईने अंगठा उमटवला. मग माझा कागद माझ्यापुढे आला. माझ्या कागदावर ज्ञान आणि विश्वास दोन्ही होते. मी सही केली.

अर्ज वेळेत पोहोचला. महिनाभर काहीच कळले नाही. श्रावणाच्या आरंभी एका दुपारी गोदूताई माझ्या दारात आल्या. हातात लांबट सरकारी लिफाफा होता. जन्मतारखेची दुरुस्ती मान्य झाली होती, शिष्यवृत्तीही मिळाली होती. त्या एवढेच म्हणाल्या, "चला, बुवा." कुठे, हे मी विचारले नाही.

सारजाबाई निंबाखालीच होती. गोदूताईंनी तिच्यापुढे बसून आदेश उघडला आणि मराठी करून वाचला. सुईण सारजाबाई हिच्या प्रत्यक्ष ज्ञानावरून अर्जदार स्त्रीचा जन्म १ जानेवारी १९३४ रोजी पहाटे झाला असे हे कार्यालय ग्राह्य धरीत आहे.

"कुनाच्या?" सारजाबाईने विचारले.

"तुमच्या, मावशी."

"परत वाच."

गोदूताईंनी पुन्हा वाचले. सारजाबाईने पांढरट डोळे मिटून घेतले होते आणि मान किंचित तिरकी केली होती.

"आजून एकदा."

तिसऱ्यांदा 'सुईण सारजाबाई' इथपर्यंत आल्यावर गोदूताई थांबल्या. त्यांनी कागद माझ्याकडे केला. मी घोंगडीवरून उठलो, पाठशाळेत गुरुजींपुढे म्हणताना उभा राहत असे तसा उभा राहिलो, आणि पहिल्या शब्दापासून वाचला.